मुलुंडहून, आणि परिवार

रेडिओवर आपलं फार प्रेम आहे असं सांगणारी माणसं मला आता लांबूनच ओळखू येतात. त्यांच्या घरी रेडिओ नसतो. विचारलं तर म्हणतात, गाडीत लावतो ना. गाडीत म्हणजे सिग्नलला अडकल्यावर, दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी फिदीफिदी हसत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात करतं, तेवढं. एरवी कानात इअरफोनची बोंडं. आमच्या पार्ल्यातल्या इमारतीतून सकाळी फिरायला निघणाऱ्या प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं असतं. कुणी गुंतवणूक ऐकतो, कुणी अध्यात्म ऐकतो, तळमजल्यावरच्या बाई खुनांचे किस्से ऐकत तुळशीला पाणी घालतात. जिन्यात समोरासमोर आल्यावर 'काय, कसं काय' विचारलं तर यातलं कुणी ऐकत नाही.

माझा स्वभाव तिरसट आहे. हे मला घरच्यांनी इतक्यांदा सांगितलंय की आता मीच ते आधी सांगून मोकळा होतो. अंधेरीच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात मी नोकरी केली, म्हणजे उभा जन्म दुसऱ्यांनी वाकडी लावलेली लेबलं शोधण्यात घालवला. निवृत्त झालो म्हणून ती नजर काही गेली नाही.

सगळ्यात वाकडं लेबल आमच्या घरातच आहे. माझ्या ताईचा एकुलता एक मुलगा पॉडकास्ट करतो आणि त्याचा विषय आहे नात्यांमधला संवाद. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्याने एक गाळा भाड्याने घेतलाय. तिथे पूर्वी बरण्यांची प्लॅस्टिकची झाकणं निघायची. आता भिंतींवर अंड्यांच्या ट्रेसारखे दिसणारे फोमचे करडे चौकोन चिकटवलेत आणि मध्ये दोन माईक. तिथे बसून हा आणि त्याचे पाहुणे, माणसं एकमेकांचं ऐकत का नाहीत यावर तास तास बोलतात. त्याला तो डीप लिसनिंग म्हणतो. एकदा मला कौतुकाने घेऊन गेला होता. मी कोपऱ्यात बसलो होतो तेवढ्यात ताईचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा याने फोन उपडा करून ठेवला आणि मग माईकमध्ये म्हणाला की आपल्या माणसाला वेळ देणं ही आजच्या काळातली सगळ्यात मोठी भेट आहे. समोरचा पाहुणा डोळे मिटून मान डोलावत होता.

दुसऱ्याचं ऐकायची त्याची पद्धत तर बघण्यासारखी आहे. सगळं दीडपट वेगाने, घाई असली तर दुप्पट. वर ॲपमध्ये अशीही सोय आहे म्हणे, की बोलणारा मध्येच थांबला तर तेवढी शांतता आपोआप कापली जाते. म्हणजे एखाद्याचा कंठ दाटून आला तर तोही कापला जात असणार. मी विचारलं, एवढा वेळ वाचवून त्याचं करतोस काय. तर म्हणाला, अजून एपिसोड ऐकतो, मामा.

ताई घाटकोपरला राहते. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या स्वयंपाकघरात खिडकीशी रेडिओ आहे आणि तो शोभेचा नाही, चालतो. दुपारी फर्माइशींचा कार्यक्रम लागतो तेव्हा ती ओटा पुसून, हात कोरडे करून त्याच्यासमोर स्टुलावर बसते. गाण्यांशी तिचं फारसं देणंघेणं नाही. गाणं सुरू झालं की ती उठून चहाचं आधण ठेवते. तिला ऐकायची असतात ती नावं.

ज्यांनी कधी फर्माइश पाठवली नाही त्यांना हे समजावून सांगावं लागतं. आधी गावाचं किंवा उपनगराचं नाव येतं, मग माणसांची नावं, आणि शेवटी 'आणि परिवार'. एका ठिकाणाच्या नावाखाली जेवढी नावं येतात ती एका घरातली. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणाचं गळलं, कुणाचं नव्याने आलं, हे ऐकणाऱ्यांना बरोबर कळतं. आमचे बाबा गिरणीत होते, आम्ही घाटकोपरच्या चाळीत वाढलो. फर्माइशीचं कार्ड बाबा स्वतः लिहायचे. गावाहून कामाच्या शोधात आलेला धाकटा काका आमच्याकडे राहिला तेव्हा त्याचं नाव आमच्या यादीत आलं. पुढे भांडून तो डोंबिवलीला गेला, त्याच आठवड्यात बाबांनी त्याचं नाव गाळलं. काकाने ते डोंबिवलीत कुणाच्या तरी दारात उभं राहून ऐकलं, आणि भांडणाचं कारण विसरला तरी नाव गाळल्याचं शेवटपर्यंत विसरला नाही.

ताईने ही सवय सासरी नेली. भाचा जन्मला तेव्हा हिने उत्साहाच्या भरात बारशाआधीच त्याचं नाव कार्डावर घालून पाठवलं. हिचा हिशेब असा, की कार्ड पोचून नंबर लागेपर्यंत बारसं होऊन जाईल. तर निवेदकाने ते आधीच वाचलं. पाळणा अजून सजायचा होता आणि बाळाचं नाव सगळ्या मुंबईला कळलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तो निवेदकाने पळवला. आत्याबाई बारशाला आल्या, पण नाव सांगायला पाळण्याशी वाकल्याच नाहीत. ज्याचं नाव असं वाजतगाजत हवेतून आलं, तो मुलगा मोठा होऊन म्हणतो की रेडिओ हे मेलेलं माध्यम आहे.

भावोजी गेले तेव्हा ताईने त्यांचं नाव लगेच काढलं नाही. बरेच महिने निवेदक ते वाचत राहिला आणि ती ऐकत राहिली. मग एक दिवस तिने मन घट्ट करून ते गाळलं. त्यांच्या नावाशिवायची यादी वाचली गेली त्या दुपारी तिला फोन आला तो मुलुंडहून. तिथले एक श्रोते होते, त्यांचं नाव ती वर्षानुवर्षं ऐकत होती आणि ते तिचं. फर्माइशी पाठवणाऱ्यांचा एक श्रोता संघ आहे, त्याच्या यादीवरून त्यांनी तिचा नंबर शोधला होता. ते मालवणकडचे. सांत्वनाची भाषा त्यांना येत नसावी. नुसतं म्हणाले, "आज एक नाव कमी इला. सगळा बरा असा मां?" ताई म्हणते, भावोजी गेल्यापासून इतकी माणसं येऊन रडून गेली होती, पण तिला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

श्रोता संघाबद्दल मला बोलायला लावू नये. वर्षातून एकदा मुलुंडच्या एका हॉलमध्ये ही मंडळी जमतात. एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, "नमस्कार, मी भांडुप," "अरे, कांजूर आले का?" असं चालतं. एकमेकांना शाली घालतात, नारळ देतात, आणि जो तो आपण रेडिओ जिवंत ठेवलाय अशा थाटात वडे खातो. त्यांचे अध्यक्ष माईकवरून रेडिओच्या भवितव्यावर गहिवरून बोलले आणि त्यांच्याकडे सेटच नाही हे चहाच्या वेळी बाहेर पडलं. ते ॲपवर ऐकतात. ॲपवर तोच कार्यक्रम थोडा उशिरा पोचतो, सेटवर नाव येऊन गेलं की मग काही वेळाने ॲपवर. त्यावरून सेटवाले आणि ॲपवाले यांच्यात दर वर्षी वाजतं. सेटवाले म्हणतात तुम्ही शिळं ऐकता, ॲपवाले म्हणतात तुम्ही खरखर ऐकता. ताईला सोबत म्हणून मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा पाठदुखीचं कारण सांगितलं.

पण मुलुंडचे गृहस्थ मला आवडले. मला माणसं सहसा आवडत नाहीत, तेव्हा हे लिहून ठेवायला हवं. बस डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले, बायको जाऊन बराच काळ लोटलेला, मूलबाळ नाही. फर्माइशीत 'मुलुंडहून' म्हटलं की त्यांचं एकट्याचं नाव यायचं आणि लगेच पुढचं ठिकाण. 'आणि परिवार' ते कधी घालायचे नाहीत, कारण तो नव्हता. गेली काही वर्षं ते बुधवारी बसने घाटकोपरला यायला लागले. येताना बांगडे किंवा बोंबील आणायचे, स्वतः साफ करून द्यायचे, आणि कार्यक्रम सुरू झाला की दुसऱ्या स्टुलावर बसायचे. कार्यक्रम चालू असताना एक शब्द बोलायचे नाहीत. एवढ्या एका गुणासाठी मी माणसाचे शंभर दोष माफ करीन.

अशाच एका दुपारी मी घाटकोपरला गेलो होतो. अंधेरीहून मेट्रोने जाताना शेजारच्या तरुणाने फोनचा आवाज मोठा ठेवून सगळ्या डब्याला यशस्वी होण्याची सूत्रं ऐकवली होती, त्यामुळे डोकं तापलेलंच होतं. मुलुंडचे गृहस्थ नुकतेच निघून गेले होते. ताई कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली,

"मी मुलुंडला जाऊन राहायचं म्हणतेय. लग्न करून, नीट."

मी म्हटलं, कर की. यात मला विचारण्यासारखं काही नव्हतंच. दोघंही सत्तरीच्या अलीकडची, दोघांनाही बोंबील आवडतात, कुणाचं काय जातंय. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आधी पोराला विचारते. तो नको म्हणाला तर नाही जायचं मी. त्यांनाही तसं सांगून ठेवलंय."

मला राग आला, आणि तो मी बोलून दाखवला. आधी बाबांना विचारून जगलीस, मग भावोजींना विचारून, आता ज्याचं ढुंगण धुतलंस त्याला विचारणार. त्याने मरोळला गाळा घेतला तेव्हा तुला विचारलं होतं का? नोकरी सोडली तेव्हा सांगितलं तरी होतं का? ताईने सगळं ऐकून घेतलं. कांदा चिरून झाल्यावर म्हणाली की तो तिचा मुलगा आहे, त्याच्या पाठीमागे तिला काही करायचं नाही. त्याच्या कानावर घातलं आणि तो नाही म्हणाला नाही, की ती मोकळी. शब्द दिला होता तिने स्वतःलाच, आणि ताई शब्दाची पक्की. म्हणजे माझ्या बहिणीचं उरलेलं आयुष्य आता एका माणसाच्या ऐकण्यावर येऊन ठेपलं होतं, आणि तो माणूस कोण, तर माझा भाचा.

त्याला सांगायचं म्हणजे काय दिव्य होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तो रविवारी यायचा. दारातून आत येताना कानात बोंडं, जेवताना एक बोंड काढून ताटाशेजारी ठेवायचा, एक तसंच. आईकडे अर्धा आणि जगाकडे अर्धा. ताईने सुरुवात केली, अरे, ते मुलुंडचे आहेत ना, तर हा हसला आणि म्हणाला, तुझं रेडिओ मंडळ काय म्हणतंय, आणि उत्तराची वाट न बघता कुणाशी तरी बोलायला गॅलरीत गेला. पुढच्या रविवारी तिने त्याच्या आवडीच्या कोलंबीचं कालवण केलं, तर तो आलाच नाही. रेकॉर्डिंग होतं. पाहुणी मोठी होती, एकाकी ज्येष्ठांच्या भावविश्वावर बोलणार होती. हे त्याने स्वतः सांगितलं, फोनवर, मोठ्या अभिमानाने.

मग ताईने दुपारी फोन करून बघितला. त्याने तो कापला आणि लिहून पाठवलं की आई, कॉल नको ना, व्हॉइस नोट टाक, मी ऐकतो. ताईला व्हॉइस नोट म्हणजे काय हे माहीत होतं, संघातल्या ॲपवाल्या बायका पाठवायच्या. पण ती मला शांतपणे विचारत बसली. तो म्हणे सगळं पळवून ऐकतो, तर ते कसं. मी तिला माझ्या फोनवर दाखवलं. माझाच आवाज दुप्पट वेगाने चिरकताना ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली. मग विचारलं, एवढ्या वेगाने शेवटचं बोलणं नीट कळतं का रे? मी म्हटलं, शेवटपर्यंत पोचतंय कोण. ही पोरं पहिली दोन वाक्यं ऐकतात, काय काम आहे ते बघतात, आणि अंगठा दाखवून पुढे जातात. ताई हं म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली.

दोन दिवसांनी तिचा मला फोन आला. व्हॉइस नोट पाठवली होती, आणि त्याचं उत्तर आलं होतं. उत्तर म्हणजे अंगठा. सरळ उभा पिवळा अंगठा. आणि संध्याकाळी दारात प्लंबर. ताईने निरोपात तिचा गीझर गळत असल्याचंही सांगितलं होतं, त्याची पोराने लगेच व्यवस्था केली होती. ताईचा आवाज एकदम हलका होता. म्हणाली, त्याच्या कानावर घातलं, नको म्हणाला नाही.

मी काही भोळा नाही. प्लंबर आला हे ऐकल्यावरच मला कळलं की या पठ्ठ्याने गीझरपर्यंतच ऐकलंय. मला ताईची दया आली. तिला वाटत होतं, पोराने तिला जा म्हटलं, आणि पोराने तर नुसता गीझर दुरुस्त करून दिला होता. एकदा वाटलं सांगावं तिला, परत विचार म्हणावं, समोर बसवून विचार. पण मी गप्प बसलो आणि त्याचा मला आजही यत्किंचित पश्चात्ताप नाही. तो परत विचारल्यावर काय म्हणेल याची मला खात्री होती. त्याच्या दृष्टीने आई म्हणजे रविवारचं कालवण आणि कार्यक्रमात सांगायला एक हळवी आठवण. तिने मुलुंडला जाऊन कुणाचे तरी बोंबील तळावेत हे त्याच्या विषयात बसत नव्हतं.

दोघांनी विवाह नोंदणीच्या कचेरीत नोटीस दिली. आणि त्यानंतरच्या बुधवारी ताईने तिच्या पद्धतीने जगाला कळवलं. आता कार्डं जात नाहीत, कार्यक्रमाच्या नंबरावर मेसेज करायचा. मी होतो तिथे. मुलुंडचे गृहस्थही होते, इस्त्रीचा शर्ट घालून, स्टुलावर ताठ. निवेदिका नवीन मुलगी होती, नावं वाचताना प्रत्येक नावाला हसायची, जणू ती नावं तिला गुदगुल्या करत होती. एरवी मी तिच्या नावाने बोटं मोडली असती. त्या दिवशी श्वास रोखून बसलो.

भांडुप झालं, विक्रोळी झालं. घाटकोपर आलंच नाही. मग ती म्हणाली, मुलुंडहून, आणि पहिलं नाव घेतलं ते ताईचं. मग त्यांचं. मग भाच्याचं. आणि परिवार.

ताईने अजून घर सोडलं नव्हतं, पण आता ती मुलुंडची झाली होती. इतकी वर्षं ज्यांचं नाव एकटं येऊन एकटं जायचं, त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा 'आणि परिवार' लागलं होतं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही.

मग फोन सुरू झाले. ज्यांना ही भाषा कळते त्यांना एका ओळीत सगळं कळलं होतं. आधी सेटवाल्यांचे फोन आले, भांडुप, विक्रोळी, ठाणे. ते जरा ओसरतायत तोवर ॲपवाल्यांकडे तीच ओळ पोचली आणि फोन पुन्हा घणघणायला लागला. अध्यक्ष दुसऱ्या खेपेत होते. त्यांनी सत्काराची घोषणाच करून टाकली.

भाच्याला मात्र काही कळलं नव्हतं. कळणार कसं? त्याचं नाव सगळ्या उपनगरांत वाजलं तेव्हा तो मरोळच्या गाळ्यात फोम लावलेल्या भिंतींच्या आत बसून संवादाचं महत्त्व सांगत होता. त्याला कळलं ते आठवड्याने, तेही संघातल्या एका बाईंनी ती ओळ रेकॉर्ड करून त्याच्या पॉडकास्टच्या पानावर अभिनंदनासकट चिकटवली म्हणून. त्याच्या श्रोत्यांनी त्याला विचारलं की हे काय प्रकरण आहे. घरचं तर कुणी सांगायला नव्हतं, मी सोडून, आणि मी त्याला मुद्दाम फोन केला नव्हता.

तो रविवारची वाट न बघता, भर दुपारी येऊन थडकला. मी ताईला सामान बांधायला मदत करत होतो. बाहेरच्या खोलीत भांड्यांची खोकी लावलेली होती. त्याच्या दोन्ही कानांत काही नव्हतं, हे आधी माझ्या लक्षात आलं. तो उभ्या उभ्याच बोलायला लागला. आख्ख्या जगाला सांगितलंस आणि मला सांगितलं नाहीस. मला परक्या माणसांकडून कळतं. लोक काय म्हणतील, माझे ऐकणारे काय म्हणतील, मी कुठल्या तोंडाने नात्यांवर बोलू. मी तोंड उघडणार होतो, पण ताईने नुसतं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी परत वर्तमानपत्रात वाटी गुंडाळायला घेतली.

"तुला विचारलं होतं," ताई म्हणाली. "तू अंगठा दाखवलास."

तो म्हणाला, कधी? ताईने फोन काढला, चष्मा लावला, आणि ती नोट शोधून लावली. एकपट वेगाने. तिला एकपटच येतं.

आम्ही तिघांनी खोक्यांच्या मध्ये उभं राहून ती ऐकली. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. सुरुवातीला गीझर. कुठून गळतोय, कधीपासून गळतोय, खाली बादली ठेवलीय आणि ती भरते. त्याला माणूस पाठवशील का. मग शेजारच्या मुलीची परीक्षा, मग मासळी किती महाग झालीय ते. भाचा चुळबुळ करायला लागला. मग फोनमधली ताई म्हणाली, बरं, अजून एक विचारायचं होतं, आणि थांबली. त्या थांबण्यात मागे तिचा रेडिओ चालू असलेला ऐकू येत होता. मग ती पुन्हा बोलली ते एकेक शब्द जपून. मुलुंडचे ते आहेत, त्यांच्याशी लग्न करावं असं माझ्या मनात आहे. एकटीला घर खायला उठतं असं काही नाही, मी राहू शकते, पण मला राहायचं नाही. तू नको म्हणालास तर मी जाणार नाही. तुला चालत असेल तर तसं कळव. जेवलास का?

नोट संपली. भाचा खाली बसला, भांड्यांच्या खोक्यावरच. त्याचा चेहरा इतका पडला होता की क्षणभर मला त्याचं वाईट वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल मला स्वतःचा राग आला. मग तो म्हणाला की मीटिंगमध्ये होता, पूर्ण ऐकलं नव्हतं, गीझरचं ऐकून त्याने प्लंबरला सांगितलं आणि अंगठा टाकला. हे तो आईकडे न बघता सांगत होता. आणि शेवटी, ज्या मुलाला खोटं बोलता येत नाही त्याच्यासारखा, म्हणाला,

"ऐकलं असतं ना आई, तर मी नको म्हटलं असतं."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. "म्हणून तर गीझरचं आधी सांगितलं."

आणि मुलुंडला न्यायच्या खोक्यांमधून वाट काढत ती भात बघायला आत गेली.